सॉकेटवरून एचटीटीपीएस: तुमचे प्रश्न

सॉकेट (प्रोग्रामने सर्व्हरशी थेट उघडलेली जोडणी) कनेक्ट झालं म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण अडकतायत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न: पोर्ट 443 वर साधी गेट रिक्वेस्ट पाठवली तर 400 एरर येतो, का?
उत्तर: नुसता 443 टाकून काही एन्क्रिप्ट होत नाही, टीसीपी जोडल्यावर आधी टीएलएस हँडशेक (म्हणजे एन्क्रिप्शन ठरवणं आणि सर्व्हरची ओळख पटवणं), मगच रिक्वेस्ट.

प्रश्न: सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) भलत्याच साइटचं येतं.
उत्तर: एसएनआय, म्हणजे कुठली साइट हवी ते हँडशेकमध्ये सांगणारं नाव, गेलेलं नाही. एका आयपीवर अनेक साइट असतात. पायथनमध्ये सॉकेट टीएलएसमध्ये रॅप करताना सर्व्हर_होस्टनेम द्या.

प्रश्न: सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड येत होतं. मित्र म्हणाला व्हेरिफिकेशन बंद कर, एन्क्रिप्शन तर राहतंच. चालेल ना?
उत्तर: नाही चालणार. हा सल्ला जिथे तिथे कॉपीपेस्ट होतो आणि मला खरंच राग येतो, कारण समोर कोण आहे हे तपासलंच नाही तर मधे बसलेला माणूस स्वतःचं सर्टिफिकेट देईल, तुमचा कोड ते मुकाट घेईल आणि पासवर्ड व्यवस्थित एन्क्रिप्ट होऊन थेट त्याच्याच हातात जाईल. मूळ कारण शोधा ना! मशीनचं घड्याळ चुकलंय का, रूट सर्टिफिकेटं (ज्यांच्यावर तुमचं मशीन मुळात विश्वास ठेवतं ती) जुनी आहेत का, सर्व्हर इंटरमीडिएट सर्टिफिकेट (त्याचं सर्टिफिकेट रूटशी जोडणारं मधलं) पाठवत नाहीये का, ऑफिसचा प्रॉक्सी मधे आहे का. पायथनमध्ये क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्ट वापरा, तो सर्टिफिकेट आणि नाव दोन्ही तपासतो. सी मध्ये थेट ओपनएसएसएल ही टीएलएसची लायब्ररी वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळा, तिथे क्लायंटला तपासणी मुळात बंदच असते, व्हेरिफाय_पीअर स्वतः लावावं लागतं, रूट सर्टिफिकेटं लोड करावी लागतात, आणि नाव तपासायला एसएसएल_सेट1_होस्ट वेगळं. हे "नंतर करू" म्हणून ठेवलं की ते तसंच लाइव्ह जातं. लाइव्ह करण्याआधी सिक्युरिटीतल्या जाणकाराला कोड दाखवाच.

प्रश्न: एक विक्रेता म्हणतो क्लायंटलाही सर्टिफिकेट विकत घ्यावं लागेल.
उत्तर: सहसा अजिबात नाही. सर्व्हरने क्लायंट सर्टिफिकेट मागितलं तरच लागतं, आणि ते कुठलं चालेल हे एपीआयवाल्यांना विचारा, विकणाऱ्याला नको.

प्रश्न: टीएलएस 1.0 वर चालतंय, ठेवू का?
उत्तर: नको. 1.0 आणि 1.1 हे 2021 मध्येच अधिकृतपणे बाद झालेत. निदान 1.2 ठेवा, आणि समोरचा सर्व्हरच जुना असेल तर त्यांच्या ॲडमिनशी आजच बोला.

प्रश्न: रिस्पॉन्स अर्धाच मिळतो.
उत्तर: रीड एकदाच करताय. एका रीडमध्ये सगळं येईलच असं नाही, लूप लावा. कंटेंट-लेंग्थ असेल तर तेवढे बाइट मोजून घ्या, चंक्ड (तुकड्यातुकड्यांनी येणारा) असेल तर शून्य लांबीचा चंक येईपर्यंत वाचा. हे सगळं हाताने लिहायची खरंच गरज आहे का ते टीममधल्या सिनियरला विचारा, नसेल तर तयार एचटीटीपी लायब्ररी वापरा.