रिमोट हातात धरून पिक्चर

प्रश्न : ताई, आईचे गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं झाली आम्ही थेटरात गेलोच नाही, नवीन पिक्चर ओटीटीवर आला की घरीच लावतो. पण माणसं काय बोलतात ते नीट ऐकूच येत नाही आणि गाणं लागलं की घर दणाणतं, आई रिमोट हातात धरूनच बसते. टीव्ही बदलू का? आणि असं घरीच बघणं चूक आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, टीव्ही अजिबात बदलू नका, आधी सेटिंग बघा. पिक्चरचा आवाज बऱ्याचदा ५.१ साठी बनवलेला असतो, म्हणजे सहा वेगवेगळे आवाज, त्यात डायलॉग मुख्यतः मधल्या स्पीकरवर, आणि आपल्या टीव्हीला मागे किंवा खाली दोन बारके स्पीकर, मग सगळं त्यात कोंबलं की बोलणं दबतं. पिक्चर चालू असताना ऑडिओमध्ये स्टिरिओचा, म्हणजे दोनच स्पीकरसाठीचा, पर्याय असेल तर तो घ्या, टीव्हीत आवाज स्पष्ट करणारा मोड असेल तर तो लावा, आणि मराठी असला तरी सबटायटल चालू ठेवा, त्यात कसला कमीपणा? अजून एक, पिक्चर सिरियलसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा असतो, आणि या सेटिंगमुळे टीव्ही त्यांच्या मधेमधे स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसडतो.

घरी बघणं चूक मुळीच नाही. २०२० मध्ये थेटरं बंद होती तेव्हा घरातल्या पडद्यानेच आपल्याला सांभाळलं. पण मराठी पिक्चरचं मला खरंच वाटतं, जमेल तेव्हा थेटरात जा आणि पहिल्या तीन दिवसांत जा. शुक्रवार ते रविवार गर्दी दिसली तरच पुढच्या आठवड्यात शो टिकतात, नाहीतर सकाळचा एखादा उरतो नि तोही जातो. २०२३ ला 'बाईपण भारी देवा' ला बायका ग्रुपने, नटूनथटून गेल्या आणि पिक्चर किती आठवडे चालला ते आपण बघितलंच. ओटीटीवर येईल तेव्हा बघू असं सगळ्यांनीच म्हटलं असतं तर?

आईंसाठी दुपारचा शो घ्या, गर्दी कमी असते. तिकीट काढायच्या आधी थेटरात फोन करून विचारा की आत शिरल्यावर पायऱ्या न चढता कुठली रांग लागते आणि लिफ्ट चालू आहे का. कडेची सीट मागा, इंटरव्हलला पाय मोकळे करता येतात.