लायब्ररीतलं जुनं लॉगफॉरजे बदललं तर वेग खरंच वाढतो का?

तुमची जावा लायब्ररी अजून लॉगफॉरजे १.२ वर (प्रोग्रॅममधल्या घडामोडींची नोंद म्हणजे लॉग लिहिणारं जुनं साधन) आहे, लोड आला की ती वापरणारी सर्व्हिस रखडते, आणि लॉगफॉरजे २ वर गेलं तर फरक पडेल का, असा तुमचा प्रश्न. पडू शकतो. पण लायब्ररीच्या पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलची डिपेंडन्सींची यादी असलेली फाइल) लॉगफॉरजे २ घालू नका.

आधी दुखणं नक्की तिथंच आहे ना ते बघा. आमच्या एका बिलिंग सर्व्हिसचं महिनाअखेरीला असंच व्हायचं. रिस्पॉन्स टाइम वाढलेला आणि सीपीयू मात्र निवांत. आठवडाभर आम्ही डेटाबेसला शिव्या घातल्या. शेवटी जावाच्या जेस्टॅक टूलने थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कुठला थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम) कुठं अडकलाय त्याची यादी काढली, तर निम्म्याहून जास्त थ्रेड ब्लॉक्ड, आणि सगळ्यांच्या स्टॅकची वरची ओळ एकच: कॅटेगरी क्लासमधलं कॉलअपेंडर्स, म्हणजे लॉगची ओळ फाइलीत लिहायला देणारी मेथड. त्याखाली 'वेटिंग टू लॉक', रूटलॉगर. लॉगफॉरजे १ तिथं लॉक घेतं. एक थ्रेड फाइलीत ओळ लिहितोय तोवर बाकीचे रांगेत उभे. आम्ही आधी थ्रेड वाढवले होते, म्हणजे रांगच लांबवली होती!

लॉगफॉरजे २ चे असिंक लॉगर वापरले की थ्रेड आपला मेसेज रिंग बफरमध्ये (मेमरीतल्या गोल रांगेत) ठेवून पुढं निघतो आणि मागचा एकच थ्रेड लिहीत बसतो. हा बफर लंडनच्या एलमॅक्स या एक्स्चेंजने बनवलेल्या डिसरप्टर या लायब्ररीचा. त्याचं जार वेगळं घ्यावं लागतं. डिस्कच हळू असेल तर बफर भरतो आणि थ्रेड पुन्हा थांबतात. प्रोसेस अचानक मेली तर बफरमधल्या शेवटच्या ओळीही जातात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात.

पण हे सगळं ॲप्लिकेशनने ठरवायचं. लायब्ररीत फक्त एसएलएफफॉरजेचा एपीआय ठेवा (हा नुसता मधला थर, प्रत्यक्ष लिहिणारा लॉगर ॲप निवडतं), नाहीतर तुमची लायब्ररी वापरणाऱ्याच्या क्लासपाथवर, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमसोबत लोड होणाऱ्या जारमध्ये, दोन-दोन लॉगर येऊन बसतात. एक खड्डा सांगतो, त्यात आमचा अर्धा दिवस गेला. एसएलएफफॉरजे २.० जुन्या १.७ च्या बाइंडिंगकडे (एपीआयला खऱ्या लॉगरशी जोडणारं जार) बघतच नाही. सुरुवातीला 'प्रोव्हायडर सापडला नाही' एवढी सूचना येते आणि पुढं लॉग गायब. मेव्हनचा डिपेंडन्सी ट्री काढून एपीआय आणि बाइंडिंग एकाच पिढीचे आहेत ना ते तपासा.

वेग मिळो न मिळो, १.२ सोडाच, ऑगस्ट २०१५ पासून त्याला कोणी वाली नाही. ॲपमध्ये लॉगफॉरजे २ घेताना २.१७.१ च्या खाली जाऊ नका, डिसेंबर २०२१ चा लॉगफॉरशेल या सुरक्षेतल्या मोठ्या त्रुटीचा गोंधळ आठवत असेलच.

दोन फुकटातले उपाय. डीबगच्या ओळीत अधिक चिन्हाने स्ट्रिंग जोडत असाल तर डीबग बंद असतानाही ती जोडली जातेच; तिथं {} ही खूण ठेवून मूल्य वेगळं द्या. आणि लॉगच्या ओळीच्या पॅटर्नमध्ये कोडचा लाइन नंबर छापत असाल तर काढून टाका, त्यापायी दर ओळीला स्टॅक चाळावा लागतो.

डंप काढलात की कॉलअपेंडर्स दिसतं का ते कळवा. नसेल दिसत, तर आधी जीसी लॉग (जावा मेमरी साफ करताना किती वेळ थांबते त्याची नोंद) बघू.