वाचकांचे प्रश्न : जुन्या पोर्शेला पुढच्या मॉडेलची चाके

प्रश्न : मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला राहतो. माझ्याकडे 1985 ची पोर्शे 944 आहे. 1988 च्या 944 ची 15 इंची, 7 इंच रुंदीची चाके मला चांगल्या स्थितीत मिळत आहेत. बोल्टची जागा जुळते. परंतु चाक आतल्या बाजूला घासते. स्पेसर, म्हणजे चाकामागे घालायची धातूची जाड चकती, बसवून ती वापरावीत का? स्पेसरमुळे बेअरिंग जाते, असे मित्र सांगतात.
– एक वाचक, जर्मनी

उत्तर : आपल्या गाडीच्या बाबतीत स्पेसर हा योग्य उपाय आहे, मात्र तो मोजून निवडला आणि नीट बसवला तरच. दोन्ही चाकांना 130 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच छिद्रे असल्याने ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर, चढतात. फरक आहे तो ऑफसेटचा, म्हणजे चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतराचा. 1986 पर्यंतच्या 944 च्या या रुंदीच्या चाकांचा ऑफसेट 23.3 मिलिमीटर होता. 1987 च्या मॉडेलपासून हबची रचना बदलली आणि तो 52.3 झाला. त्यामुळे पुढच्या काळातील चाक आपल्या गाडीवर 29 मिलिमीटर आत सरकते. 28 मिलिमीटरचा स्पेसर घातल्यास ते मूळ जागेपासून जेमतेम एक मिलिमीटर आत राहील. चाकाच्या मागील बाजूस ‘ईटी’ या अक्षरांपुढे हा आकडा असतो. व्यवहार करण्यापूर्वी चारही चाकांवर तो स्वतः वाचावा, कारण जुन्या बाजारात दोन्ही प्रकार सर्रास एकत्र विकले जातात.

बेअरिंगविषयीची भीती निराधार नाही, पण ती वेगळ्या परिस्थितीला लागू पडते. मूळ चाकालाच केवळ रुबाबासाठी स्पेसर लावून ते बाहेर काढले, तर रस्त्याकडून येणारा भार बेअरिंगपासून दूर जातो, स्टीअरिंग खड्ड्यात हिसके देते आणि टायर मडगार्डला लागण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे स्पेसरची जाडी चाकाच्या जादा ऑफसेटमध्येच खर्ची पडते आणि टायरची मध्यरेषा कारखान्याने ठरवलेल्या जागी परत येते, म्हणून बेअरिंगवरचा ताण व्यवहारतः पूर्वीइतकाच राहतो. उलट दिशेने मात्र हा मार्ग बंद आहे : आपली जुनी चाके 1988 च्या गाडीला लावली तर ती बाहेर येतील, आणि स्पेसर त्यांना आत ओढू शकत नाही.

एवढ्या जाडीसाठी हबला स्वतंत्रपणे आवळला जाणारा, स्वतःचे स्टड (ज्यांवर नट आवळतात ते बाहेर आलेले आट्यांचे दांडे) असलेला स्पेसर घ्यावा. त्याचे मधले छिद्र हबवर घट्ट बसणारे, 71.6 मिलिमीटरचे असावे, आणि चाक नीट केंद्रात बसावे म्हणून पुढे तेवढ्याच व्यासाची कड असावी. हबचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील, तर चाकाच्या मागे त्यांना सामावणारे खळगे आहेत का, हे पाहावे. नसतील, तर चाक टेकल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात स्टडच्या टोकांवर अधांतरी राहते. पोर्शेच्या नटांची बैठक गोलाकार असते, शंकूच्या आकाराची नव्हे, तेव्हा स्पेसरसोबत आलेले भलतेच नट चाकाला वापरू नयेत. 14 मिलिमीटरच्या स्टडवर 1.5 मिलिमीटरचे आटे असतात. नट किमान नऊ-दहा पूर्ण फेरे आत गेलाच पाहिजे.

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा. गंजाची बारीक खपली जरी मध्ये राहिली, तरी चाक वाकडे टेकते आणि वेग वाढताच स्टीअरिंग थरथरू लागते. स्पेसरचे नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळावेत, चाकाचे 130 न्यूटन-मीटरने. साधारण शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंच लावावा, आणि त्या वेळी चाक उतरवून आतले नटही तपासावेत. बहुतेक जण बाहेरचेच तपासून थांबतात, आणि धोका आतल्या नटांत असतो. ब्रेक कॅलिपर आणि चाक यांतील फट पाहण्यासाठी कॅलिपरवर कणकेचा छोटा गोळा चिकटवून चाक हाताने फिरवावे व उरलेली जाडी मोजावी.

जर्मनीत असा बदल मान्यतापत्राशिवाय केल्यास गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवाना रद्द होऊ शकतो. म्हणून आपल्या मॉडेलचा आणि त्याच चाकाच्या मापाचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र विक्रेत्याकडून आधी मागून घ्यावे आणि चाके बसवताच ट्यूफ किंवा डेक्रा या वाहन तपासणी संस्थांच्या केंद्रात तपासणी करून नोंद करून घ्यावी. तसे प्रमाणपत्र नसेल, तर त्या केंद्रातील अभियंत्याला खरेदीपूर्वीच भेटावे.