२०१२ च्या स्विफ्टला नवीन टायर कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. गाडी २०१२ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल. पुण्यात वर्षाकाठी जेमतेम सहा हजार किलोमीटर, त्यात गणपतीला आणि शिमग्याला अणुस्कुरा घाट उतरून राजापूर. टायर २०१८ ला बदललेले. गॅरेजवाला म्हणतो, नक्षी भरपूर आहे, अजून दोन वर्षं सहज निघतील. बदलायचेच असतील तर जास्त चालणारे घ्या, आणि १८५ चे, म्हणजे जरा रुंद टाका, गाडी भारदस्त दिसते. बजेटचं बघून तुम्ही पुढचे दोनच आत्ता बदलायच्या विचारात आहात. आणि विचारताय, कंपनी कोणती?

कंपनीचं नंतर. आधी माझं काय झालं ते सांगतो.

माझीही स्विफ्टच, त्याच साली घेतलेली. मी कराडला असतो, सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे कुंभार्ली घाट वर्षातून पाच-सहा वेळा ठरलेला. एका ऑगस्टमध्ये पुढचे दोन टायर नवे टाकून निघालो होतो. मागचे सहा वर्षांचे, पण नक्षी दिसायला झकास, म्हणून ठेवले. कोयनानगर सोडलं आणि पाऊस असा की वायपर फास्टवर असून पुढचं दिसेना. घाट उतरताना एका वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला. पुढची चाकं जिथल्या तिथे चिकटली आणि गाडीचं बूड कठड्याकडे निघालं. एक हातभर सरकलं असेल, मग परत ओळीत आलं. बायको फक्त ‘हळू’ म्हणाली. तो ‘हळू’ मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला एका पंक्चरवाल्याकडे गाडी नेली. त्याने नक्षीची खोली मोजायला ना गेज काढला ना नाणं. मागच्या टायरच्या नक्षीत अंगठ्याचं नख रोवायचा प्रयत्न केला, नख रुतलंच नाही. म्हणाला, ‘साहेब, हे रबर राहिलेलं नाही, प्लास्टिक झालंय.’ मग पुढच्या नव्या टायरला नख लावून दाखवलं. खूण उमटली आणि हळूहळू बुजली.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून जात नाही, म्हातारा होऊन जातो. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होत जातं. टायरच्या रबरात त्यापासून बचावाचं मेण मिसळलेलं असतं, पण चाक फिरताना टायर दबला-सुटला की ते पृष्ठभागावर येतं. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहणारी गाडी या बाबतीत रोज धावणाऱ्या टॅक्सीपेक्षा वाईट. (वॉशिंगवाला काळं पॉलिश मारून देतो त्याने टायर चकाकतो, तरुण होत नाही.) मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढा. ही झाली शेवटची हद्द. आपलं ऊन आणि कोकणातला पाऊस बघता मी सहा-सातच्या पुढे जात नाही. तेव्हा गॅरेजवाल्याची ‘अजून दोन वर्षं’ विसरा.

आता हिशोब करा. वर्षाला सहा हजार, म्हणजे सहा वर्षांत छत्तीस हजार. ‘जास्त चालणारा’ म्हणून जो टायर विकतात तो त्याच्या दुप्पटही चालेल, पण तुम्ही त्याला अर्ध्या नक्षीवर काढून टाकणार. ते जादाचं आयुष्य फुकट मिळत नाही. झीज कमी व्हावी म्हणून केलेलं रबर साधारणपणे ओल्या रस्त्यावर पकडीला थोडं कमी पडतं. ज्याची डिझायर ओला-उबरला लागलीय आणि वर्षाला साठ हजार होतात, त्याने तो टायर जरूर घ्यावा. तुम्ही मात्र पैसे पकडीवर घाला. दुकानात गेल्यावर ‘किती किलोमीटर चालेल’ हे विचारूच नका, ‘पावसात ब्रेक कसा लागतो’ हे विचारा. दुकानदार जरा चमकतो, कारण हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

आता कंपनी. माझ्या गाडीवर आधी एमआरएफ होते, मग अपोलोचे अमेझर, आता मिशेलिन आहेत. एमआरएफची बाजू टणक, खड्ड्यांना दाद देत नाही, पण गाडी थोडी आपटते. अमेझर झिजायचं नाव घेत नव्हते, आणि माझ्यासाठी तीच अडचण ठरली. मिशेलिन मऊ, आवाज कमी, ओल्या घाटात सगळ्यात विश्वासाचा वाटला. मात्र बाजू नाजूक, फुटपाथच्या कडेला घासून पार्क करायची सवय असेल तर फोड येतो. तुमच्या वापराला मी मिशेलिन किंवा त्याच जातीचा मऊ टायर घेईन, ब्रिजस्टोन, योकोहामा, कॉन्टिनेंटलमध्येही बघा. पण खरं सांगू का, चांगल्या कंपन्यांमधला आपापसातला फरक हा सहा महिन्यांपूर्वीचा टायर आणि अडीच वर्षं गोदामात पडलेला टायर यांच्यातल्या फरकाहून मला लहान वाटतो.

म्हणून तारीख वाचायला शिका. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू गाडीत आत गेली असेल तर टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. तुमचे टायर २०१८ ला ‘बदलले’ असं तुम्ही लिहिलंय. बनले कधी ते एकदा बघाच. मला एका दुकानदाराने दोन वर्षांपूर्वीचा माल ‘नवाकोरा, कागदसुद्धा निघालेला नाही’ म्हणून दाखवला होता. कागद खरंच निघालेला नव्हता. मी नको म्हटल्यावर आतून चार महिन्यांपूर्वीचे आले, भाव तोच. तुमचं नशीब असं की १६५/८० आर १४ हाच साइज डिझायरला लागतो, टॅक्सीत त्या ढिगाने आहेत, त्यामुळे या मापाचा माल दुकानात पडून राहत नाही. ताजा मागा, मिळतो. बाजूवर आयएसआयचा शिक्का असतो तोही बघून घ्या.

साइजचं बोलतो, कारण इथे लोक फसतात. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, १४ म्हणजे रिम इंचात. तुमच्या टायरचा पूर्ण व्यास येतो साधारण ६२० मिलिमीटर. १८५/७० आर १४ चा येतो ६१५, म्हणजे जवळजवळ तेवढाच. गॅरेजवाला अगदीच चुकीचं सांगत नाहीये. पण रुंद टायरने पेट्रोल थोडं जास्त जातं, आणि साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर पाणी कापतो तिथे रुंद टायर तरंगायला लवकर तयार होतो. राजापूरला जाणाऱ्याने भारदस्तपणासाठी हे का घ्यावं मला कळत नाही. खरा धोका १७५/६५ आर १४ चा आहे. तो इतर बऱ्याच गाड्यांना लागतो, दुकानात हमखास असतो, रिमवर बसतोही. त्याचा व्यास भरतो ५८३. गाडी १८ मिलिमीटर खाली बसते आणि मीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही ९४ ने जात असता. मग दोन दिवसांनी सोसायटीच्या स्पीडब्रेकरला बूड घासलं की कळतं. मूळ माप सोडू नका. मापाच्या पुढचा आकडा आणि अक्षरही जुन्या टायरवर आहे तेच किंवा त्याहून वरचं घ्या: ८५ टी म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजन आणि ताशी १९० चा वेग पेलतो.

दोनच घ्यायचे तर कुठे लावायचे? पुढे नाही, मागे. ऐकायला उलटं वाटतं, कारण स्विफ्ट पुढच्या चाकांनी ओढते आणि झिजतातही पुढचेच. पण पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जायला बघते, तुम्ही वेग कमी करता आणि स्टिअरिंग पुन्हा लागतं. मागचं सुटलं तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्या हातातलं काम नाही. कुंभार्लीत मी नेमकं हेच करून बसलो होतो. तरी तुमच्या बाबतीत चारही एकाच वयाचे आहेत, त्यामुळे दोनावर भागवण्यात अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, घासाघीस करताना ते ध्यानात असू द्या.

चार म्हणतोय, पण डिकीतला पाचवा विसरू नका. माझी स्टेपनी गाडीबरोबर आलेलीच होती, नक्षीवरचे बारीक रबरी केससुद्धा शाबूत. पाटणजवळ पंक्चर झाल्यावर ती लावली तेव्हा मला कोण अभिमान, दहा वर्षांत हातही लावला नव्हता! चिपळूणला पोचेपर्यंत तिच्या बाजूला लिंबाएवढा फोड. नक्षीच्या खाचांत वाकून बघितलं तर केसांसारख्या भेगा तळापर्यंत. काढलेल्या चारांतला त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीला टाका, तोही फक्त गॅरेजपर्यंत जाण्यापुरता. पुढे कधीतरी पाचवा नवा घ्या.

टायर बसवण्याआधी एक काम. जुने टायर काढल्यावर त्यांचा आतला काठ हाताने चाचपा. आतून खाल्लेला असेल किंवा हात फिरवताना करवतीसारखा लागत असेल, तर दोष टायरचा नाही. इतक्या जुन्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि बॉल जॉइंट गेलेले असू शकतात. ते न बदलता नुसतं अलाइनमेंट केलं तर मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि तीन महिन्यांत नवा टायर परत आतून खाल्ला जातो. तेव्हा आधी बुश, मग टायर, मग अलाइनमेंट-बॅलन्सिंग, हा क्रम ठेवा. व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा, किरकोळ पैसे लागतात. टायरच्या बाजूवर बाण किंवा बाहेरच्या बाजूची खूण असेल तर पोऱ्याने तशीच बसवलीय ना ते स्वतः बघा. नट गनने करकचून आवळतात, शेवटचा पीळ पान्याने हाताने द्यायला लावा. नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्यावर उभं राहून नाचावं लागतं. नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडे निसरडे असतात, तेवढे सबुरीने काढा. गणपतीच्या आदल्या दिवशी टायर टाकून घाटात जाऊ नका.

उन्हाळ्यात समृद्धीवरून नागपूरला जायचंय, हवा कमी ठेवावी का, असंही विचारलंय. अजिबात नको. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून चार पॉइंट कमी ठेवा’ हा सल्ला टायर फुटायला मदत करतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबण्याने तापते आणि शेवटी तिथेच फाटते. समृद्धी सातशे किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, सपाट भागात १२० ची मर्यादा, मध्ये ना सिग्नल ना गाव. टायरला थंड व्हायला उसंतच नाही. सकाळी गाडी गार असताना ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर भरल्या गाडीचा जो आकडा दिलाय तेवढी हवा भरा. चालताना ती चार-पाच पॉइंट वाढते, ते धरूनच तो आकडा दिलेला असतो. टायरवर लिहिलेला कमाल दाब हा वेगळा आकडा, तेवढी भरायची नसते. नायट्रोजनला मी पैसे देत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

गाडी ठेवायची की नाही, हा तुमचा प्रश्न. २०२७ ला तिला पंधरा वर्षं होतील, आरटीओत पासिंग करून पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून नोंदणी पुढे पाच वर्षं वाढते. वाढवणार असाल तर आत्ता घेतलेले टायर जवळपास तेवढेच पुरतील. विकणारच असाल तरी घाटात जायच्या आधी बदला, गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही म्हणून रडत बसू नका.

आणि जुने टायर. माझे मागचे दोन दुकानदाराने दोनशे-दोनशे रुपयांना परत घेतले. नक्षी बघून तो खूश होता. त्यांना काळं पॉलिश मारून ते कुणाच्या तरी गाडीला लागले असणार, स्वस्तात चांगला टायर मिळाला म्हणून तोही खूश असेल, आणि पावसाळ्यात तोही कुठलातरी घाट उतरत असेल. पुढच्या वेळी बाजूला कटरने चीर मारूनच देणार आहे, दोनशे गेले तर गेले.