'मात्रा' एकच, मग शाळेत, गाण्यात आणि औषधात अर्थ वेगळे का?

तुमचा प्रश्न असा: ग्वाल्हेरला शाळेत बाई लेकीला 'छोटी इ की मात्रा' शिकवतात, गाण्याच्या क्लासात १६ मात्रा मोजायला लावतात आणि घरी आजी म्हणते, बाळाला मात्रा उगाळून द्या. मग हा एकच शब्द की तीन?

शब्द एकच. संस्कृतात 'मा' म्हणजे मोजणे, त्यावरून मात्रा म्हणजे माप. काय मोजायचं, ते मात्र जागोजागी बदलतं.

लेकीला तबल्यातला 'तिरकिट' हा बोल घेऊन समजवा. हिंदीच्या वहीत त्यात २ मात्रा, कारण हिंदीत स्वराच्या प्रत्येक चिन्हाला मात्राच म्हणतात. मराठीत एकही नाही. 'ति' आणि 'कि' यांना पहिली वेलांटी. आपल्याकडे मात्रा म्हणजे फक्त डोक्यावरची तिरपी रेघ: 'के'ला एक, 'कै'ला दोन, 'को'ला काना-मात्रा. आजीने 'क ला मात्रा दे' म्हटलं आणि हिंदी शाळेतल्या मुलाने 'कोणती?' विचारलं, तर मूल चुकलेलं नाही. त्याला काना, वेलांटी, उकार ही नावं वेगळी शिकवायला हवीत.

छंदात त्याच तिरकिटच्या ४ मात्रा होतात: लघु म्हणजे आखूड उच्चाराच्या अक्षराची १, गुरू म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षराची २, आणि इथे चारही लघु. 'सत्य'च्या ३, कारण जोडाक्षराचा आघात मागच्या 'स'वर येऊन तो गुरू होतो. 'तुझ्या'त तसा आघात येत नाही, म्हणून 'तु' लघुच. जोडाक्षर दिसलं की मागचं अक्षर डोळे मिटून गुरू धरतात आणि हिशेब चुकतो. मोठ्याने म्हणून पाहावं, मग मोजावं.

तालात मात्र तिरकिटची मात्रा एकच! ग्वाल्हेर घराण्याच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालगायनाशी ज्याचं जुनं नातं, तो तिलवाडा ताल घ्या:

धा तिरकिट धिं धिं । धा धा तिं तिं । ता तिरकिट धिं धिं । धा धा धिं धिं

१६ मात्रा, टाळी १, ५ आणि १३ वर, आणि 'खाली' (टाळी न देता हात बाजूला नेण्याची जागा) ९ वर. दुसऱ्या मात्रेत चार अक्षरं बसवायची असतात. मुलं घाईने तिरकिट उरकतात, पुढचा 'धिं' लवकर पडतो आणि समेला, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, पोचेपर्यंत सगळं पुढे सरकतं. उपाय साधा: हाताने संथ, सारख्या अंतराने मात्रा धरायची आणि तोंडाने बोल म्हणायचे. मात्रा किती सेकंदांची हे ठरलेलं नाही. लय ठरली की सगळ्या मात्रा सारख्या हव्यात, एवढंच.

आता आजींची मात्रा. आयुर्वेदात मात्रा म्हणजे एका वेळी द्यायचं औषधाचं प्रमाण. मराठीत मात्र सहाणेवर उगाळून चाटवायच्या औषधालाही तेच नाव पडलं, जसं हेमगर्भ मात्रा. 'त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही' हे आपण म्हणतो ते त्यावरूनच. इथे माप वळशांनी होतं आणि खरी अडचण तीच आहे: सहाण खरखरीत असली किंवा हात जड असला तर तेवढ्याच वळशांत औषध जास्त उतरतं. हेमगर्भात सोन्याबरोबर पारा आणि गंधक असतं, त्यामुळे वैद्याला विचारल्याशिवाय बाळाला देऊ नका. विचाराल तेव्हा 'किती वळसे' असं न विचारता 'किती मिलिग्रॅम' विचारा आणि आजींच्या देखत ते कागदावर लिहून घ्या.