तळ्याचं पोट आंबलंय

प्रश्न : आमच्याकडे ८० दुभत्या गायी आहेत. गोठ्याचं सगळं शेणपाणी सुमारे २००० घनमीटरच्या तळ्यात जातं. गाळ अजून एकदाही काढलेला नाही, तरी तीन वर्षं काही तक्रार नव्हती. गेल्या चार महिन्यांपासून असह्य वास सुटलाय आणि पाणी काळं, बुळबुळीत झालंय. जिवाणूंचा पुडा आणून सांगितल्याप्रमाणे महिन्याला एक किलो टाकला. तीन महिन्यांत काहीच फरक नाही. आता डोस दुप्पट करावा का? (सोबतची माहिती : मागच्या हंगामात ५० च्या ८० गायी केल्या. खुरांच्या त्रासासाठी मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) पाय बुडवायचा हौद सुरू केला, तो आठवड्यातून दोनदा गटारात रिकामा करतो. दगडीच्या (कासेला सूज आलेल्या) गायींचं औषधाचं दूध आणि उरलेला चीकही तिथेच जातो.)

उत्तर : दादा, डोस वाढवू नका. तुम्ही कंसात जे लिहिलंय, तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. असं पत्र माझ्याकडे दर महिन्याला येतं आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा अशीच कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेली असते.

आधी पुड्याचा हिशोब करू. तुमच्या पुड्यावर एका ग्रॅममध्ये एक अब्ज जिवाणू असं छापलंय. तो आकडा खरा धरला तर किलोभर पुड्यात एक हजार अब्ज झाले. ऐकायला फार मोठा आकडा आहे. पण शेणपाण्याच्या एका मिलीलीटरमध्ये आधीच दहा कोटी तरी जिवाणू असतात आणि तुमच्या तळ्यात असे दोन अब्ज मिलीलीटर आहेत. म्हणजे तळ्यातल्या दर दोन लाख जिवाणूंमागे पुड्यातला एक. त्या एकट्याने तिथल्यांना हटवून आपलं बस्तान बसवायचं, तेही ज्या पाण्यात तिथले सरावलेलेच तग धरत नाहीत अशा पाण्यात. दुप्पट डोस दिलात तर लाखामागे एक होईल, इतकंच.

आता तळ्यात काय बिघडलंय ते सांगतो. तुम्ही गायी सांभाळता, म्हणून लगेच कळेल. गाईला एकदम भरपूर दाणा घातला की पोटात आम्ल साठतं, पोट आंबतं, रवंथ थांबतं. तळ्याचंही हुबेहूब तसंच असतं. तिथे दोन तऱ्हेचे जिवाणू पाळीने काम करतात. पहिले शेणातला सहज कुजणारा भाग फोडून त्याची आम्लं करतात. ते चपळ असतात, काटक असतात आणि जे मिळेल त्यावर जगतात. दुसरे ती आम्लं खाऊन मिथेन वायू करतात. हे मात्र फार हळू वाढतात. त्यांना ६.८ ते ७.४ असा सामू (पीएच, पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा) लागतो, ऊब लागते आणि हवेतला प्राणवायू लागला की ते मरतात. तुम्ही ५० च्या ८० गायी केल्या तेव्हा पहिल्यांनी वाढलेलं काम लगेच उचललं. दुसऱ्यांना ते जमलं नाही. मधली आम्लं साठत गेली. तुमच्या नाकाला झोंबतोय तो आंबूस, ओकारी आणणारा वास याच आम्लांचा आहे.

बहुतेक पुड्यांत बॅसिलस जातीचे जिवाणू सुप्त बीजाणूंच्या रूपात असतात. ते शेणातला स्टार्च, प्रथिनं, चरबी फोडतात, म्हणजे पहिल्या गटाचंच काम करतात. तुमच्या तळ्यात तुटवडा दुसऱ्या गटाचा आहे आणि ती नाजूक मंडळी हवेवर वाळवलेल्या पुड्यातून सहसा येत नाहीत. पुडा खोटा असेलच असं मी म्हणत नाही. तुमच्या दुखण्यावरचं औषध तो नाही.

मोरचुदाचा हौद ही याहून गंभीर गोष्ट आहे. हौद २०० लीटरचा धरला तर ५ टक्के म्हणजे १० किलो मोरचूद. त्यात अडीच किलो तांबं. आठवड्यातून दोनदा म्हणजे ५ किलो. खुराचे जंतू मारायला वापरतो तेच तांबं तळ्यातल्या जिवाणूंनाही मारतं. वर मोरचुदातल्या सल्फेटपासून काही जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तांब्याचा बराचसा भाग या सल्फाइडशी बांधला जाऊन काळ्या गाळात बसतो आणि पुढे तो गाळ शेतात गेला की तिथेच राहतो. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. हौदाचं पाणी आजपासून तळ्यात सोडू नका. त्याची वेगळी विल्हेवाट कशी लावायची ते तुमच्या भागातल्या पर्यावरण खात्याला विचारा. आणि हौद खरंच आठवड्यातून दोनदा लागतो का, हे पशुवैद्याला विचारा. गाय आधी साध्या पाण्यातून चालवून खुरं धुतली तर औषधाचं पाणी लवकर घाण होत नाही, जास्त दिवस चालतं.

दुधाचं लोकांना खरं वाटत नाही. पांढरं, स्वच्छ दूध, त्याने काय होणार? पण एक लीटर दूध कुजताना जितका प्राणवायू मागतं, तितका घरगुती सांडपाण्याचे साधारण ४०० लीटर मागतात. आंबलेल्या पोटाला पुन्हा साखर भरवण्यासारखंच आहे हे. वर दगडीच्या गायींच्या दुधात प्रतिजैविकं असतात, म्हणजे जिवाणू मारायचं औषधच आपण जिवाणूंच्या घरात ओततो.

हे दोन प्रवाह थांबले की सामू बघा. ६.५ च्या खाली असेल तर काही दिवस जमेल तितकं शेण घनरूपातच उचलून खतासाठी बाजूला रचा, तळ्यात फक्त धुण्याचं पाणी जाऊ द्या. चुना टाकायचाच तर पाण्यात कालवून, थोडा थोडा, रोज सामू मोजत. पोत्यानं ओतलात तर सामू एकदम वर जाईल आणि अमोनियाचा लोट उठेल.

मग गाळ मोजा. मी लांब बांबूला पांढरं सुती कापड गुंडाळतो, काठावरून किंवा दोन माणसांनी जीवरक्षक जाकीट घालून होडीतून तो सरळ खाली सोडतो, मिनिटभर धरतो आणि वर काढतो. पातळ पाण्याचा डाग फिका असतो, गाळाचा दाट, काळा. दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. सात-आठ ठिकाणी मोजा, कारण पाणी आत येतं त्या तोंडाशी नेहमी जास्त साचतं. गाळाने निम्मी खोली खाल्ली असेल तर तुमच्या जिवाणूंना २००० घनमीटर नाही, १००० च घनमीटर जागा उरलीय. तिथे ८० गायींचं शेण, म्हणजे शेण-मूत्र मिळून दिवसाला चारेक टन, पचणार कसं? गाळ काढावाच लागेल, पण सगळा खरवडू नका. तळाशी थोडा राहू द्या, तेच पुढचं विरजण. त्यातल्या तांब्याची तपासणी मात्र शेतात टाकण्याआधी करून घ्या.

आणि खरोखर जिवाणू आणून टाकायचेच असतील तर तुमच्याच गोठ्यावर नीट चालणारी बायोगॅसची टाकी असेल, तिची ताजी स्लरी पाण्याखाली सोडा. त्यात मिथेन करणारे जिवंत असतात. दुसऱ्याच्या गोठ्यावरून आणू नका, जोन्ससारखा गायींच्या आतड्याचा चिवट रोग शेणातूनच येतो.

वास महिन्याभरात जाईल अशी आशा धरू नका. उबदार हवा असेल तर दोन-तीन महिने लागतात, थंडीत त्याहून जास्त.

प्रश्न : मग जिवाणू कल्चर कुठेच उपयोगी पडत नाही का? विकणारे तर छायाचित्रं दाखवतात.

उत्तर : पडतं. गोळा होण्याच्या हौदात चरबीचा थर धरतो तिथे, पंख्याने हवा देणाऱ्या तळ्यात, किंवा जंतुनाशकाने झटका बसल्यावर तळं पुन्हा उभं राहत असताना मी कल्चरचा फरक पाहिला आहे. फरक न दिसलेली तळी त्याहून जास्त पाहिली आहेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की छायाचित्रावर जाऊ नका, तुमच्याच शेणपाण्यावर करून बघा.

२०० लीटरची सहा पिंपं घ्या. तळं ढवळून एकाच जागेचं पाणी सहाही पिंपांत सारखं भरा. तीन पिंपांत कल्चर घाला, तळ्याला लागेल त्याच प्रमाणात. उरलेल्या तीन पिंपांत तेच कल्चर, पण प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून मारलेलं. नुसतं उकळलं तर बीजाणू मरत नाहीत. (यासाठी जुना कुकर ठेवा, पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.) मेलेलं कल्चर घालायचं कारण असं, की कित्येक पुड्यांत काकवी किंवा कोंडा असतो, त्यानेही थोडाफार फरक पडतो आणि आपण श्रेय जिवाणूंना देतो. पिंपांवर फक्त आकडे घाला. सहा आठवड्यांनी गाळ किती, तरंग किती हे पट्टीने मोजा, आणि वास घ्यायला असा माणूस बोलवा ज्याला कुठल्या पिंपात काय आहे ते माहीत नाही. मी स्वतः माझ्या हाताने घातलेल्या पिंपाला दोनदा 'कमी वास' म्हणून गेलोय. मोजल्यावर दोन्हीकडे गाळ सारखाच निघाला.

कल्चर भिजवायचं पाणी क्लोरीनचं असेल तर आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवा. आणि तळ्याच्या मधोमध फेकण्यापेक्षा गोठ्याच्या गटारातच सोडा, म्हणजे ताज्या शेणात मिसळत जातं.

प्रश्न : आमचं तळं गेल्या पंधरवड्यात चक्क गुलाबी-जांभळं झालं. शेजारी म्हणतात विषारी झालं. मोरचूद टाकू का?

उत्तर : ताई, कृपा करून काहीही टाकू नका! हे जांभळे गंधक-जिवाणू आहेत. उन्हाच्या उजेडावर जगतात आणि खातात काय, तर तोच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्यांचा थर म्हणजे तळ्यावर घातलेलं वासाचं झाकण. तळ्यावर भार बेताचा आहे, पाणी उबदार आहे, सगळं ताळ्यावर आहे, तेव्हाच ते असे फुलतात. काचेच्या बरणीत थोडं पाणी घेऊन उन्हात धरा, गुलाबी सरबतासारखं दिसेल. थंडी पडली की रंग फिका होईल, तेव्हाही घाबरू नका. असं तळं पाहिलं की मला फार आनंद होतो.

प्रश्न : जिवाणूंनी गाळ 'खाल्ला' तर खताचा कस कमी होतो का?

उत्तर : कर्बाचा भाग वायू होऊन जातो. स्फुरद आणि पालाश जात नाहीत, कोणताही जिवाणू त्यांना नाहीसं करू शकत नाही. स्फुरद बहुतांशी गाळात बसतो, पालाश पाण्यात राहतो. नत्राचा अमोनिया होतो आणि उघड्या तळ्यावरून त्यातला मोठा वाटा हवेत उडतो. म्हणून वरचं पाणी आणि तळाचा गाळ ही दोन वेगळी खतं समजा, दोन्ही वेगळी तपासा. 'गाळही गेला आणि स्फुरदही गेला' असं कोणी सांगितलं तर स्फुरद नेमका कुठे गेला, एवढं त्यांना विचारा.

प्रश्न : तळ्यावर हातभर जाड साय धरलीय, वर गवत उगवलंय. हौदातला पंपही कुट्टीने सारखा तुंबतो. आमचे हे स्वतः शिडीने हौदात उतरून तो मोकळा करतात. साय मोडायला जिवाणू चालतील का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचून बाकीची पत्रं बाजूला ठेवली. त्यांना आजच सांगा, हौदात उतरायचं नाही.

शेणपाणी स्थिर असतं तेव्हा हायड्रोजन सल्फाइड त्यात बुडबुड्यांनी अडकलेला असतो. ढवळलं, पंप हलवला, की एकदम सुटतो. हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या तळाशी साठतो. आणि घात असा, की दहा लाख भागांत १०० च्या आसपास गेला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वास. ५०० च्या पुढे काही मिनिटांत शुद्ध जाते, त्याहून वर एक-दोन श्वासांत. मी तिशीत असताना एका हौदावर ढवळणी चालू असताना नुसता वाकून बघत होतो. आधी वास आला, मग आला नाही, मग गुडघ्यातली ताकद गेली. सोबत्याने कॉलर धरून मागे ओढलं म्हणून आज ही उत्तरं लिहितोय. अशा हौदांत एकामागोमाग दोन-दोन, तीन-तीन माणसं गेली आहेत. पहिला पंपासाठी उतरतो, बाकीचे त्याला काढायला. तोंडाला फडकं किंवा कापडी मास्क बांधून या वायूपुढे काही होत नाही. कोणी आत पडलंच, तर मागे उडी न घेता श्वासाचं यंत्र असलेल्या अग्निशमन दलाला बोलवा.

सायीचं आता सांगतो. ती पेंढा आणि कुट्टीच्या धाग्यांची असते. त्यातलं काष्ठद्रव्य प्राणवायूशिवाय जिवाणूंना पचत नाही, म्हणून कल्चरने ती फारशी विरघळणार नाही. पातळ साय असू द्या, ती अमोनिया आणि वास दाबून धरते. जाड झालेली मोडायची तर ढवळणीनेच, वारा पाठीशी असताना, जनावरं आणि पोरं लांब ठेवून. पुढे साय धरू नये यासाठी तळ्याच्या आधी चाळणी किंवा पिळणी बसवा आणि गव्हाणीतली उरलेली कुट्टी गटारात लोटणं बंद करा. पंप तुंबायचाही त्याच दिवशी कमी होईल.

पंप साखळीवर टांगून घ्या, म्हणजे तुंबला तर वरूनच ओढून काढता येईल. ते काम होईपर्यंत शिडी काढून ठेवा, हौदावर जाळीचं झाकण टाका आणि कुलपाची किल्ली तुमच्याकडे राहू द्या.