चुंबकाला चिकटणारे स्टील

प्रश्न : इंडक्शनच्या शेगडीसाठी मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून मी स्टीलचे पातेले घेतले. घरी फ्रिजवरचे चुंबक त्याला घट्ट चिकटले, तेव्हा ‘हे लोखंडच, तुम्हाला फसवले’ असे जाऊबाई म्हणाल्या. भांडे परत करावे का? शिवाय आमच्या टॉवेलच्या कारखान्यात रंगाईची टाकी करायची आहे आणि कारागीर असाच चुंबकाला चिकटणारा, 430 ग्रेडचा स्वस्त पत्रा सुचवतो आहे. तो चालेल का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : पातेले परत करू नका, चुंबक चिकटले नसते, तर ते आपल्या शेगडीवर तापलेच नसते.

स्टीलला चुंबक चिकटता कामा नये, ही समजूत आपल्याकडे 304 या ग्रेडमुळे रुजली. त्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. या निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकत्व जाते. 430 ज्या गटात मोडते, त्या फेरिटिक स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसते, म्हणून ते चुंबकाला चिकटते आणि स्वस्तही पडते. गंज अडवण्याचे काम मात्र निकेलचे नसून मुख्यतः क्रोमियमचे आहे, आणि ते 430 मध्येही 16 ते 18 टक्के असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो.

जाऊबाईंची परीक्षा उलटही फसवते. निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेल्या 200 मालिकेतील स्टीलला चुंबक चिकटत नाही, तरी ते 304 पेक्षा लवकर गंजते. उलट 304 च्या वाटीची दाबून वळवलेली कड कधी कधी चुंबकाला किंचित ओढते. आपल्या पातेल्याच्या बाजूवरून चुंबक फिरवून पाहा. ते केवळ बुडाला चिकटत असेल, तर बुडाशी फेरिटिक पत्रा आणि बाकी भांडे दुसऱ्या ग्रेडचे, अशी ती रचना असावी. फेरिटिक स्टील 304 पेक्षा उष्णता लवकर पसरवते आणि तापल्यावर कमी प्रसरण पावते, हा त्याचा आणखी एक गुण.

त्याचे वैर मिठाशी आहे. लोणचे किंवा खारवलेल्या कैऱ्या अशा भांड्यात मुरत ठेवल्या, तर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके पडतात आणि प्रत्येक ठिपक्याखाली बारीक खड्डा असतो. रोजची आमटी शिजवून भांडे लगेच घासले, तर काही बिघडत नाही.

टाकीचे उत्तर यातच आले. सुतावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना बहुधा मीठच टाकतात, आणि गरम खाऱ्या पाण्यापुढे 430 टिकणार नाही. त्यातच वेल्डिंगच्या उष्णतेने या स्टीलचे कण मोठे होऊन जोड ठिसूळ होतो. तेथे मिठाला अधिक तोंड देणारा मॉलिब्डेनम हा धातू 2 ते 3 टक्के असलेले 316 घ्या. वेल्डिंगसाठी त्याचाच कमी कार्बनचा 316 एल हा प्रकार योग्य. कारागिराचा पत्रा वाया जाणार नाही, कोरड्या जागेतील विजेच्या पॅनेलच्या झाकणांना तो उत्तम आहे. पत्रा घेताना मात्र बिलावर नुसते ‘एसएस’ न लिहिता ग्रेडचा आकडा लिहून मागा.